मुक्त विज्ञान आणि ग्रंथपालाचे कसब

मुक्त विज्ञान ही संशोधनाची एक कार्यपद्धती आहे. निष्कर्षाबरोबरच त्या निष्कर्षापर्यंत नेणारी सगळी सामग्री इतरांना पाहता, तपासता आणि पुन्हा वापरता यावी, हे तिचे सूत्र. छापलेला लेख हा त्यातला एक भाग झाला. मोजमापांचे तक्ते, सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या, प्रयोगाची कृती, आकडेमोडीसाठी लिहिलेला प्रोग्राम, परीक्षकांचे अभिप्राय हेही तिच्या कक्षेत येतात. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुक्त विज्ञानाविषयीची शिफारस स्वीकारली. संशोधनात समाजाचा सहभाग असावा आणि पारंपरिक ज्ञान जपणाऱ्या समूहांशी संवाद असावा, हेही त्या शिफारशीत आहे.

संशोधन संस्थेतल्या ग्रंथपालाचे काम पूर्वी संशोधन संपल्यावर सुरू होत असे. ग्रंथ किंवा नियतकालिकाचा अंक छापून आला की तो विकत घ्यायचा, दाखल नोंदवहीत चढवायचा, वर्गांक द्यायचा, तालिकेत नोंद करायची आणि मागेल त्याला काढून द्यायचा. मुक्त विज्ञानात हा क्रम बदलतो. डेटा कोणत्या स्वरूपात ठेवायचा, त्याला नावे कशी द्यायची, पुढे तो कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे पहिली नोंद होण्याआधीच ठरवावे लागते. लेख तयार होईपर्यंत थांबले तर यातले बरेचसे हातून निसटलेले असते. म्हणून ग्रंथपालाला संशोधनाच्या सुरुवातीपासून सोबत राहावे लागते, आणि त्यासाठी लागणारी कौशल्ये वेगळी आहेत.

वर्धा-नालवाडीची प्रयोगभूमी

वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे हा बदल समजून घेण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस येथे राहायला आले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणसाचा उदरनिर्वाह होतो का, हे विनोबांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे काम नालवाडीच्या चर्मालयात उभे केले, आणि त्याची माहिती गांधीजींच्या ‘हरिजन’मधून देशभर गेली. जवळच दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मुख्यालय होते. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा होते, आणि सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय व चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. घाणी, चुली, चरखे आणि हातकागद यांतल्या सुधारणा लोकांनी डोळ्यांनी पाहाव्यात आणि आपल्या गावी करून पाहाव्यात, हा त्यामागचा हेतू होता.

कृती सर्वांसमोर ठेवण्याची ही रीत खादीच्या चळवळीत आधीपासून होती. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले तेव्हा अटी नेमक्या आकड्यांत दिल्या. आठ तासांत १२ ते २० अंकाचे १६,००० वार सूत निघावे. यंत्राची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा. पेटंटबाबतची अट विशेष होती. स्पर्धकाने पेटंट जरूर घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर ते हक्क संघाच्या नावे करून द्यावेत. किर्लोस्कर बंधूंनीही यंत्र पाठवले होते, मात्र परीक्षकांच्या मते ते अटींना उतरले नाही. कसोट्या आधी जाहीर करायच्या, यंत्र प्रत्यक्ष चालवून तपासायचे आणि शोधाचा हक्क एका सार्वजनिक संस्थेकडे ठेवायचा, ही पद्धत आजच्या मुक्त विज्ञानाच्या बरीच जवळ जाते.

आज या परिसरात मगनवाडीची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय अशा संस्था आहेत. औद्योगिक चाचण्या, रुग्णालयीन संशोधन, घरोघरचे सर्वेक्षण आणि लेखकांची हस्तलिखिते असे चार तऱ्हांचे संशोधनसाहित्य दहा-बारा किलोमीटरच्या टापूत सापडते. ग्रंथपालाला लागणारी बहुतेक नवी कौशल्ये या चार तऱ्हांच्या आधारे समजून घेता येतात.

लेख कुठे ठेवायचा

मुक्त विज्ञानाची पहिली पायरी म्हणजे लेख विनामूल्य वाचायला मिळणे. फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट घोषणेने यासाठी दोन वाटा सुचवल्या. लेखकाने आपल्या लेखाची प्रत सार्वजनिक डिजिटल संग्रहात ठेवावी, किंवा नियतकालिकच सर्वांना खुले असावे. पहिल्या वाटेला हरित आणि दुसऱ्या वाटेला सुवर्ण म्हणतात. सुवर्ण वाटेने जाणारी अनेक नियतकालिके वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेतात. दोघांकडूनही काही न घेणाऱ्या पद्धतीला हीरक म्हटले जाते, आणि तिचा खर्च एखादी संस्था किंवा विद्वत्सभा उचलते.

भारतात संग्रहांची सुरुवात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले दुर्मिळ ग्रंथ डिजिटल करून वाचकांना खुले केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.च्या प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक झाले. त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा संग्रह वाढत गेला आणि त्यात आता पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये, तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये आपापले मुक्त प्रवेश धोरण जाहीर केले. सरकारी अनुदानातून झालेल्या कामाचे लेख संग्रहात ठेवावेत, ही अपेक्षा त्यामुळे लेखी झाली.

धोरण आले की ग्रंथपालापुढे रोजचे प्रश्न येतात. प्राध्यापक एक पीडीएफ पाठवतात आणि ती संग्रहात टाकायला सांगतात. ती प्रत कोणती आहे, हे आधी ओळखावे लागते. परीक्षणापूर्वीचा मसुदा, परीक्षणानंतर स्वीकारलेली प्रत आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली प्रत या तिन्ही वेगळ्या असतात, आणि बरेच प्रकाशक फक्त पहिल्या दोन ठेवू देतात. काही जण सहा महिने ते दोन वर्षे थांबण्याची अट घालतात. लेखकाने सही केलेला करार काढून वाचणे, त्यातले नेमके कलम शोधणे, गरज असेल तर प्रकाशकाला पत्र लिहिणे हे आता संदर्भसेवेचेच काम झाले आहे. करारावर सही होण्याआधी लेखकाने ग्रंथालयात यावे यासाठी त्याचा विश्वास मिळवणे हे त्याहून अवघड.

वर्गणीचे चित्रही पालटले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. एका जिल्ह्यातल्या ग्रंथपालाने प्रकाशकाच्या प्रतिनिधीशी किमतीवरून घासाघीस करण्याचा काळ त्यामुळे या संस्थांपुरता मागे पडतो. खासगी संस्था मात्र पहिल्या टप्प्यात बाहेर आहेत, त्यामुळे एकाच गावातल्या दोन ग्रंथालयांची स्थिती अगदी वेगळी असू शकते. ही योजना वर्गणीची आहे, आणि वर्गणी संपली की वाचनही थांबते. म्हणून संस्थेच्या स्वतःच्या संग्रहाची गरज योजनेनंतरही तितकीच राहते.

नोंद करण्याची नवी कला

ग्रंथपालाचे सर्वांत जुने कौशल्य म्हणजे नोंद. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवणे हे एक सूत्र आहे, आणि चांगली नोंद हाच त्याचा मार्ग. पूर्वी ही नोंद माणूस वाचत असे. आता ती आधी यंत्र वाचते. शोधयंत्रे आणि इतर संग्रह ती आपोआप गोळा करतात. म्हणून मेटाडेटा, म्हणजे वस्तूविषयीची संरचित माहिती, ठरलेल्या साच्यात भरावी लागते, आणि लेखाला कायमचा क्रमांक म्हणजे डीओआय, संशोधकाला ऑर्किड क्रमांक, प्रकल्पाला अनुदान क्रमांक जोडावा लागतो.

मराठी साहित्याच्या बाबतीत हे काम आणखी कष्टाचे आहे. पहिली अडचण टंकांची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत टाइप होत. त्यांत देवनागरी अक्षर पडद्यावर दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षराचाच संकेत साठवलेला असतो. असा प्रबंध शोधगंगेवर उघडतो आणि वाचताही येतो, पण त्यातला शब्द शोधला तर काहीच हाती लागत नाही. मजकूर उतरवून घेतला तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग मिळते. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि जोडाक्षरे, रफार व ‘ऱ्य’सारखी रूपे तपासून घेणे हे ग्रंथपालाला यावे लागते. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतला मजकूर ओळखणारी यंत्रणा वापरली तरी मुद्रितशोधन टळत नाही.

दुसरी अडचण लेखनपद्धतीची. मराठीत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे १९३५ च्या पुस्तिकेत ‘कातणें’ असते आणि आजचा वाचक ‘कातणे’ शोधतो. नोंदीत दोन्ही रूपे दिली नाहीत तर वाचकाला ती पुस्तिका संग्रहात नाहीच असे वाटते. तिसरी अडचण नावांची. विनोबा भावे, विनायक नरहर भावे आणि नुसते ‘विनोबा’ ही एकाच व्यक्तीची रूपे आहेत. वानखेडे हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, आणि परदेशी नियतकालिके कधी वडिलांच्या नावालाच आडनाव समजतात. नालवाडी हे गावाचे नावही रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे येते. प्रमाणनामांची यादी करून सगळी रूपे तिला जोडणे हे जुन्या तालिकीकरणातलेच काम आहे. फरक इतकाच की आता चूक झाली तर ती एका कपाटापुरती राहत नाही. ती ज्या ज्या संग्रहाने नोंद उचलली तिथे तिथे पोहोचते.

आकड्यांची वाचनीयता

मुक्त विज्ञानाने ग्रंथालयात आणलेली सर्वांत नवी वस्तू म्हणजे डेटा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फेअर’ तत्त्वे सांगतात की डेटा सापडण्याजोगा, मिळण्याजोगा, इतर डेटाशी जुळण्याजोगा आणि पुन्हा वापरण्याजोगा असावा. शेवटच्या दोन गोष्टी खरे कसब मागतात, कारण ज्याने आकडे लिहिले त्याला जे गृहीत होते ते दुसऱ्याला ठाऊक नसते.

समजा, कताईच्या जुन्या नोंदवहीत एका दिवसापुढे ‘गुंड्या ४, अंक २०, तास ८’ एवढेच लिहिले आहे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने नोंद पूर्ण आहे. आजच्या वस्त्रविद्येच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातून काही बोध होत नाही. गुंडी म्हणजे ६४० तार आणि एक तार चार फुटांचा, हे सांगितल्यावर चार गुंड्यांची लांबी १०,२४० फूट, म्हणजे सुमारे ३,४१३ वार निघते. सुताचा अंक म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस अंकाच्या सुताचे एका पौंडात १६,८०० वार होतात. त्या हिशेबाने या सुताचे वजन सुमारे ९२ ग्रॅम, म्हणजे जवळपास आठ तोळे यायला हवे. त्याच पानावर वजनाच्या रकान्यात बारा तोळे लिहिलेले आढळले तर अंक चुकला आहे, गुंडी मोजताना चूक झाली आहे किंवा सूत ओले होते, अशा शक्यता तपासता येतात. एका ओळीची खातरजमा होण्यासाठी तीन एककांची व्याख्या माहीत असावी लागते.

या व्याख्या ज्या कागदावर लिहितात त्याला डेटाकोश म्हणता येईल. प्रत्येक रकान्याचे नाव, त्याचा अर्थ, एकक, मोजण्याचे साधन, रिकाम्या जागेचा अर्थ आणि दुरुस्त्यांचा इतिहास त्यात असतो. रिकामी जागा म्हणजे मोजले नाही, की मोजले आणि शून्य आले, हा भेद तर फार वेळा हरवलेला असतो. संशोधकाने हे स्वतः लिहावे हे खरे, पण काय लिहायचे ते विचारण्याची सवय ग्रंथपालाला असते. त्यासाठी संख्याशास्त्रातले प्राथमिक ज्ञान, तक्ते साफ करणाऱ्या ओपनरिफाइनसारख्या साधनांची ओळख, आणि आर किंवा पायथॉन भाषेतला छोटा प्रोग्राम वाचून समजेल इतकी तयारी लागते. प्रोग्राम लिहिता आलाच पाहिजे असे नाही.

आकड्यांमागची गृहीतके उघड असण्याला किती महत्त्व आहे, याचे एक उदाहरण याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला चार रुपये होती, आणि तिचा आधार वि. स. पागे यांच्या समितीचा अहवाल हा होता. तेव्हा वर्धा जिल्ह्यात काम करणारे डॉ. अभय बंग यांनी त्या अहवालातला हिशेब पुन्हा मांडला. मजुराला लागणारे उष्मांक आणि कुटुंबाच्या गरजा यांविषयीची गृहीतके तपासून त्यांनी त्यातल्या चुका दाखवल्या. पुढे मजुरी बारा रुपयांपर्यंत वाढली. समितीचा अहवाल हाती होता, म्हणून ही फेरतपासणी शक्य झाली. नुसता ‘चार रुपये’ हा निष्कर्ष जाहीर झाला असता आणि त्यामागची मांडणी दडवली गेली असती, तर वाद घालण्यासारखे काही उरलेच नसते.

काय उघड करायचे नाही

सगळेच उघडे ठेवायचे, असा मुक्त विज्ञानाचा अर्थ नाही. युरोपातल्या अनुदानसंस्थांनी रूढ केलेले सूत्र असे आहे: शक्य तितके खुले, गरजेइतके बंद. ती गरज कुठे सुरू होते हे ओळखणे ही ग्रंथपालाची नवी जबाबदारी आहे.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रात हे लख्ख दिसते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. रा. वि. वार्देकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री सेवाग्राम परिसरात राबवली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच पद्धत उचलली. घरोघर जाऊन केलेल्या अशा पाहणीच्या नोंदी रोगाचा प्रसार समजून घेण्यासाठी फार मोलाच्या असतात. त्याच नोंदी एखाद्या कुटुंबाचे आयुष्य अवघड करू शकतात. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये काढली गेली. कायद्याला इतका काळ लागला, तर गावाच्या मनातून भीती जायला किती लागतो, याचा अंदाज बांधता येतो.

अशा नोंदीतून नाव खोडले की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ‘नालवाडी, स्त्री, वय ५५, व्यवसाय विणकाम’ एवढे शिल्लक राहिले तरी शेजाऱ्यांना ती बाई कोण ते कळते. म्हणून ओळख पुसताना रकाने एकेकटे न पाहता एकत्र पाहावे लागतात. गावाऐवजी तालुका द्यायचा, नेमक्या वयाऐवजी पन्नास ते साठ असा गट द्यायचा, व्यवसाय व्यापक वर्गात टाकायचा. त्यानंतरही एखाद्या गटात एक-दोनच माणसे उरत असतील तर तो गट आणखी मोठा करायचा. प्रत्येक पायरीला डेटाची उपयुक्तता थोडी कमी होते, त्यामुळे किती पायऱ्या उतरायच्या हे डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि नीती समिती यांच्याबरोबर बसून ठरवावे लागते. काही डेटा खुला न करता त्याचे वर्णन तेवढे जाहीर करायचे आणि मागणी आल्यास छाननी करून द्यायचा, हाही मान्य मार्ग आहे.

नीतीच्या कागदपत्रांची माहिती ग्रंथपालाला त्यामुळे आवश्यक झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांचा मथितार्थ त्याला सांगता यावा लागतो. रुग्णाकडून घेतलेल्या संमतिपत्रात डेटा पुढे इतरांना देण्याचा उल्लेख नसेल, तर नंतर कितीही चांगला संग्रह उभारला तरी उपयोग होत नाही. औषधचाचण्यांची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत जून २००९ पासून बंधनकारक आहे. तो नोंदणी क्रमांक, संमतिपत्राचा नमुना, प्रसिद्ध लेख आणि डेटा एकमेकांना जोडून ठेवणे हे ग्रंथालयाला उत्तम जमते.

हक्क, परवाने आणि समूहाचे ज्ञान

जुने साहित्य डिजिटल करून खुले करण्यापूर्वी हक्काचा हिशेब मांडावा लागतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. वर्ध्याच्या तीन लेखकांचा हिशेब तीन तऱ्हांनी येतो. गांधीजींचे निधन १९४८ मधले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २००९ पासून सर्वांना मोकळे झाले. कुमारप्पा १९६० मध्ये गेले आणि त्यांचे लेखन २०२१ पासून मोकळे आहे. विनोबांचे निधन १९८२ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत राहील. एकाच कपाटात शेजारी असलेल्या तीन पुस्तकांपैकी दोन ग्रंथालय स्वतःहून संकेतस्थळावर ठेवू शकते आणि तिसऱ्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. शिवाय १९४० च्या पुस्तकाला १९९० मध्ये कोणी नवी प्रस्तावना किंवा भाषांतर जोडले असेल, तर त्या भागाचा हक्क वेगळा मोजावा लागतो.

नव्या लेखनासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने रूढ आहेत. श्रेय दिले की काहीही करता येईल, त्याच अटींवर पुढे द्यावे, व्यापारी वापर नको, फेरफार नको अशा अटींच्या जुळणीतून ते तयार होतात. संशोधकाला व्यापारी वापराची मनाई सुरक्षित वाटते. पण त्यामुळे एखाद्या छोट्या प्रकाशकाला पाठ्यपुस्तकात ती आकृती घेता येत नाही. असे परिणाम आधी समजावून सांगणे हे ग्रंथपालाचे काम.

समूहाच्या ज्ञानाचा प्रश्न कॉपीराइटने सुटत नाही. जंगलातल्या वनस्पतींची गावाला असलेली माहिती कोणा एका लेखकाची नसते. जैवविविधता कायदा २००२ नुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तर अभ्यासगटाच्या रूपाने स्वतःच्या जंगलाचा अभ्यास स्वतः करण्याची पद्धत बसवली. अशी माहिती गावाला न विचारता आंतरजालावर टाकली, तर तिचा फायदा तिसराच घेतो. २०१९ मध्ये मांडलेली ‘केअर’ तत्त्वे सांगतात की समूहाचा लाभ, समूहाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती यांचा विचार खुलेपणाच्या आधी व्हावा. अशा वेळी ग्रंथपालाला ग्रामसभेत बसून बोलता यावे लागते आणि सभेचा निर्णय संग्रहाच्या नोंदीत अट म्हणून उतरवता यावा लागतो.

खरे-खोटे पारखणे

लेखकाकडून शुल्क घेण्याच्या पद्धतीतून फसवी नियतकालिके फोफावली. पैसे भरले की चार दिवसांत लेख छापून येतो आणि परीक्षण नावापुरतेच असते. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून अनुदान आयोगाच्या यादीत आलेली १,००९ नियतकालिके तपासली होती. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहभागाने ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि २०२५ च्या आरंभी आयोगाने तीही थांबवून पारख करण्याचे काम संस्थांवर सोपवले. यादी पाहून हो-नाही सांगण्याचा सोपा मार्ग बंद झाल्यामुळे ग्रंथपालाला निकष माहीत असावे लागतात. संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, शुल्क आधी जाहीर केले आहे का, जुने अंक जपले जातात का, नामांकित नियतकालिकाचे नाव चोरले आहे का, हे पाहावे लागते.

साहित्यचौर्य तपासणीचेही असेच आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. विद्यार्थी अहवालातला आकडा पाहून घाबरतो किंवा निर्धास्त होतो. प्रत्यक्षात पद्धतीच्या वर्णनातली ठरावीक वाक्ये आकडा फुगवतात, तर इंग्रजीतून मराठीत उतरवलेली चोरी सॉफ्टवेअरच्या नजरेतून बऱ्याचदा सुटते. अहवाल उलगडून वाचणे आणि कोणता जुळलेला भाग निरुपद्रवी आहे ते सांगणे हे माणसाचेच काम आहे. संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नये, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा सांगतो. तो पाळायचा तर डेटा, प्रोग्राम आणि समाजोपयोगी अहवाल यांचीही संशोधनकार्यात गणना व्हावी यासाठी ग्रंथालयाने त्यांच्या नोंदी ठेवलेल्या असल्या पाहिजेत.

प्रशिक्षण आणि कामाची वाटणी

ही सगळी कौशल्ये एका माणसात असावीत, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. मोठ्या विद्यापीठांत डेटा, कॉपीराइट आणि प्रकाशन यांसाठी वेगळे ग्रंथपाल नेमता येतात. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र एकच ग्रंथपाल आणि एक सहायक असतो, आणि त्याच दोघांना देवघेव, परीक्षेच्या काळातली गर्दी आणि मूल्यांकन समितीची कागदपत्रेही सांभाळावी लागतात. अशा ठिकाणी कामाचा अग्रक्रम ठरवणे उपयोगाचे ठरते. संस्थेचे स्वतःचे प्रकाशन, प्रबंध आणि अहवाल यांचा संग्रह आधी उभा करावा. डीस्पेससारखी मुक्त सॉफ्टवेअर प्रणाली विनामूल्य मिळते. ती चालवण्यासाठी संगणक विभागाची मदत घेता येते. डेटासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याऐवजी सर्न या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडोसारख्या सार्वजनिक संग्रहाचा आधार घेता येतो. हक्क आणि गोपनीयता यांचे अवघड प्रश्न मात्र शेजारच्या मोठ्या संस्थेतल्या जाणकारांकडे न्यावेत. वर्ध्यासारख्या ठिकाणी, जिथे वैद्यकीय, औद्योगिक आणि भाषिक संशोधनाच्या संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे ग्रंथपालांचा एक सामाईक गट हे काम वाटून घेऊ शकतो.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण आणि तालिकीकरण राहायलाच हवे, कारण मेटाडेटाची सगळी शिस्त तिथूनच येते. त्याला संख्याशास्त्राची तोंडओळख, युनिकोड व देवनागरी मजकुराची हाताळणी, कॉपीराइट कायदा, संशोधन नीती आणि डेटा व्यवस्थापनाचा आराखडा लिहिण्याचा सराव यांची जोड द्यावी लागेल. हे शिकण्याची उत्तम जागा म्हणजे प्रत्यक्ष साहित्य. एका जुन्या नोंदवहीची दहा पाने घेऊन ती युनिकोडमध्ये उतरवावी, डेटाकोश लिहावा, ओळख पटवणारे तपशील काढावेत, हक्क तपासून परवाना ठरवावा आणि योग्य नोंदीसह ती संग्रहात चढवावी. एवढ्या एका कामात या प्रकरणातली जवळपास सगळी कौशल्ये वापरली जातात, आणि शेवटी नवशिक्या ग्रंथपालाच्या नावावर संशोधकांना खरोखर वापरता येईल असा एक संच जमा होतो.